कॅनडातलं १८३७ चं बंड: लढाई हरली, मागणी मान्य झाली, ती कशी?

डिसेंबर १८३७ मध्ये कॅनडातल्या दोन ब्रिटिश वसाहतींत बंड पेटलं होतं आणि तो महिना संपायच्या आत ते मोडलंही. टोरोंटोजवळची निर्णायक चकमक अर्ध्या तासात आटोपली. पुढच्या वर्षी पुन्हा उठाव झाला, तोही फसला. माणसं फासावर गेली, ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर गेली, गावंच्या गावं जाळली गेली. आणि मार्च १८४८ मध्ये त्याच भूमीवर, लोकांनी निवडलेल्या सभेच्या बहुमतावर उभं असलेलं मंत्रिमंडळ सत्तेत बसलं. त्याचा एक नेता फ्रेंच होता, दुसरा इंग्रज.

बंडामुळेच हे घडलं असं मानणारे आहेत, आणि बंडामुळे उलट उशीर झाला असं मानणारेही आहेत. आमच्या मते बंडाने फक्त जुनी व्यवस्था चालवणं अशक्य केलं. नवी व्यवस्था हत्यार न उचललेल्या दोन-चार माणसांनी सभागृहात मतं मोजून मोजून उभी केली, आणि लंडनने ती तेव्हा मान्य केली जेव्हा नाही म्हणण्यात त्यांचा फायदा उरला नव्हता. हे तिन्ही दुवे नीट पाहिल्याशिवाय ही गोष्ट समजत नाही.

पैसा सभेकडे, माणसं गव्हर्नरकडे

१७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सची कॅनडातली वसाहत ब्रिटनकडे आली. फ्रेंच बोलणारे कॅथलिक शेतकरी तिथेच राहिले. पुढे अमेरिकेने स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेली कुटुंबं उत्तरेला येऊन वसली. १७९१ च्या कायद्याने मग वसाहतीचे दोन भाग केले: लोअर कॅनडा, म्हणजे आजच्या क्वेबेकचा दक्षिण भाग, आणि अप्पर कॅनडा, म्हणजे आजचं दक्षिण ओंटारियो. हे वर-खाली सेंट लॉरेन्स नदीच्या प्रवाहावरून ठरलंय. नकाशात अप्पर कॅनडा खालच्या बाजूला दिसतं, त्याने गोंधळून जाऊ नये.

दोन्हीकडे रचना सारखीच होती. वर लंडनने पाठवलेला गव्हर्नर, त्याच्या मर्जीतलं कार्यकारी मंडळ, तहहयात नेमलेल्या बड्या लोकांची विधान परिषद, आणि सगळ्यात खाली निवडून आलेली विधानसभा. मतदानासाठी थोडी जमीन नावावर असावी लागे. पण तिथे जमीन मुबलक होती, त्यामुळे साध्या शेतकऱ्यालाही मत होतं. मतदार पुष्कळ, पण त्यांच्या प्रतिनिधींच्या हातात कारभार नाही, असा हा प्रकार.

एखाद्या हाउसिंग सोसायटीत सभासद मेंटेनन्स भरतात, सर्वसाधारण सभेत खर्चाला मंजुरी देतात, पण सेक्रेटरी आणि खजिनदार बिल्डर नेमतो आणि सभेला त्यांना काढता येत नाही, अशी कल्पना करा. सभेच्या हाती एकच हत्यार उरतं: मंजुरी अडवायची. अडवली की नोकरांचे पगार थांबतात, रस्त्यांची कामं थांबतात आणि दोष सभेच्याच माथी येतो. या दोन्ही वसाहतींत नेमकं हेच सुरू होतं.

अप्पर कॅनडात सत्ता एका लहानशा गोतावळ्याकडे एकवटली होती. न्यायाधीश, बँकेचे संचालक, कालव्याचे ठेकेदार, अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू, सगळे एकमेकांचे नातेवाईक नाहीतर एकमेकांचे शिष्य. लोक त्यांना ‘फॅमिली कॉम्पॅक्ट’ म्हणत. सगळ्यात जास्त संताप होता तो जमिनीवरून. १७९१ च्या कायद्याने नव्या जमिनीचा सातवा हिस्सा प्रोटेस्टंट धर्मगुरूंसाठी राखून ठेवला होता. या राखीव तुकड्यांवर कोणी राहत नसे, झाडं तोडत नसे, रस्ता करत नसे. शेजारच्या शेतकऱ्याला गिरणीपर्यंत गाडी न्यायची तर मध्ये रान आडवं येई. स्वातंत्र्य, हक्क वगैरे शब्द त्याच्यापर्यंत नंतर पोचले, चिखलात रुतलेलं चाक आधी.

लोअर कॅनडात याला भाषेची धार होती. सभेत बहुमत फ्रेंचांचं, तर परिषदेत आणि कार्यकारी मंडळात वजन इंग्रज व्यापाऱ्यांचं. लुई-जोसेफ पापिनो हे तिथल्या सभेचे अध्यक्ष आणि पात्रियोत पक्षाचे नेते. मे १८३२ मध्ये मॉन्ट्रियलच्या पोटनिवडणुकीत सैनिकांनी गोळीबार केला, त्यात तीन जण मेले. त्याच वर्षी स्थलांतरितांच्या जहाजांतून कॉलरा आला. फेब्रुवारी १८३४ मध्ये सभेने ९२ ठराव करून लंडनला पाठवले. मुख्य मागणी होती की विधान परिषद निवडून आलेली असावी आणि सगळा महसूल सभेच्या ताब्यात असावा. सोबत खर्चमंजुरीही रोखून धरली.

लंडनने तीन वर्षं उत्तर दिलं नाही. मार्च १८३७ मध्ये दिलं ते ब्रिटिश मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांच्या दहा ठरावांतून. मागण्या फेटाळल्या, आणि वर गव्हर्नरला सभेला न विचारता तिजोरीतून थकलेला खर्च काढायची मुभा दिली. रक्कम होती सुमारे १ लाख ४२ हजार पौंड. सभेचं एकुलतं एक हत्यारच काढून घेतलं. आमच्या दृष्टीने बंडाचं तात्कालिक कारण हेच. पिकं बुडालेली होती, त्या वर्षी अमेरिकेतल्या बँका कोसळल्याने पैशाची टंचाई होती, हे सगळं खरं. पण सनदशीर मार्ग लंडनने स्वतःच्या हाताने बंद केला.

उन्हाळाभर जाहीर सभा झाल्या. आयात ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला गेला. पापिनो आणि त्यांचे सहकारी घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालून सभागृहात आले. (पुढे चाळीस वर्षांनी, १८७७ च्या दिल्ली दरबारात पुण्याचे सार्वजनिक काका हातमागाची खादी घालून गेले, ते आपल्याला ठाऊक आहे. दोघांनाही एकमेकांची माहिती असायचं कारण नाही. पण कापडातून बोलायची कल्पना दोन्हीकडे सुचली.)

बंड का फसलं

लोअर कॅनडातला उठाव ठरवून सुरू झालाच नाही. १६ नोव्हेंबर १८३७ ला पात्रियोत नेत्यांवर अटकेची वॉरंटं निघाली, नेते खेड्यांत पळाले, त्यांना धरायला फौज निघाली आणि शेतकरी बंदुका घेऊन आडवे आले. २३ नोव्हेंबरला सँ-देनी गावात डॉक्टर वुल्फ्रेड नेल्सन यांच्या माणसांनी एका दगडी घरातून गोळीबार करून रात्रभर पावसाचिखलातून चालत आलेल्या कर्नल गोरच्या तुकडीला मागे हटवलं. हा त्यांचा एकमेव विजय. त्याच दिवशी पकडलेल्या लेफ्टनंट वेयर या अधिकाऱ्याला पात्रियोतांनी ठार मारलं, आणि पुढच्या प्रत्येक गावात सैनिकांनी त्याचा सूड उगवला. दोन दिवसांनी सँ-शार्ल पडलं. १४ डिसेंबरला सँ-उस्ताश इथे जनरल कोलबर्न तोफा घेऊन आले. डॉक्टर शेनिये काही माणसांसह चर्चमध्ये अडकले, सैन्याने चर्चला आग लावली, खिडकीतून उड्या मारणाऱ्यांना टिपलं. शेनियेसह सुमारे ७० जण मेले. त्यांच्या कित्येक माणसांकडे बंदूकच नव्हती. पुढे जो मरेल त्याची घ्या, असं शेनिये म्हणाल्याचं सांगतात. दुसऱ्या दिवशी शेजारचं सँ-बन्वा गाव प्रतिकार न करताही जाळण्यात आलं.

चर्चने साथ दिली नाही, हे अपयशाचं मोठं कारण. मॉन्ट्रियलचे बिशप लार्तिग हे पापिनो यांचे मावसभाऊच. त्यांनी ऑक्टोबरमध्येच पत्रक काढून सांगितलं होतं की कायदेशीर राज्यसत्तेविरुद्ध उठणं धर्माला मान्य नाही. पापिनो स्वतः सँ-देनीची लढाई झाली त्या दिवशीच गाव सोडून निघाले आणि अमेरिकेत गेले. नदी गोठल्यावर इंग्लंडहून मदत येणार नाही हा हिशेबही चुकला. शेजारच्या न्यू ब्रन्सविक वसाहतीतून एक पलटण बर्फातून चालत क्वेबेकला पोचली.

अप्पर कॅनडातला प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. तिथला गव्हर्नर सर फ्रान्सिस बाँड हेड याने १८३६ च्या सुरुवातीला रॉबर्ट बाल्डविन आणि जॉन रॉल्फ या सुधारणावाद्यांना कार्यकारी मंडळात घेतलं, पण त्यांना काही विचारायचं मात्र टाळलं. तीन आठवड्यांत अख्ख्या मंडळाने राजीनामा दिला. सभेने खर्चमंजुरी रोखली, हेडने सभा विसर्जित केली आणि ‘राजनिष्ठा की गद्दारी’ असा प्रचार करून निवडणूक जिंकली. त्यात पडलेल्यांपैकी एक विल्यम लायन मॅकेंझी. स्कॉटलंडहून आलेला पत्रकार, टोरोंटोचा पहिला महापौर, सभेतून वारंवार हाकललेला आणि दर वेळी पुन्हा निवडून आलेला. १८२६ मध्ये बड्या घरच्या तरुणांनी त्याच्या छापखान्याचे खिळे तळ्यात फेकले, तेव्हा कोर्टाने त्याला ६२५ पौंड भरपाई दिली होती.

१८३७ च्या शरद ऋतूत हेडने सगळी नियमित फौज लोअर कॅनडाला पाठवून दिली. टोरोंटोच्या सिटी हॉलमध्ये सुमारे ४,००० बंदुका जवळपास उघड्यावर होत्या. मॅकेंझीचा बेत साधा होता: ७ डिसेंबरला यंग स्ट्रीटवरच्या माँटगोमेरीच्या खानावळीत जमायचं, शहरात शिरायचं, बंदुका ताब्यात घ्यायच्या, गव्हर्नरला धरायचं. पण सरकारला सुगावा लागल्याच्या भीतीने रॉल्फने तारीख ४ डिसेंबरवर आणली. निरोप काहींना पोचला, काहींना नाही. माणसं थंडीत मैलोनमैल चालून आली तेव्हा खानावळीत त्यांच्या जेवणाची सोयही नव्हती. लढाईचा अनुभव असलेला त्यांचा म्होरक्या अँथनी अँडरसन पहिल्याच रात्री मारला गेला.

५ तारखेला सकाळी शहर जवळजवळ बिनपहाऱ्याचं होतं. तेव्हा हेडने वेळ काढण्यासाठी पांढरं निशाण देऊन दोन मध्यस्थ पाठवले, बाल्डविन आणि रॉल्फ. रॉल्फ स्वतः कटात होता, हे हेडला माहीत नव्हतं. बंडवाल्यांनी माफीची हमी लेखी मागितली, हेडने नकार दिला, यात दुपार गेली. संध्याकाळी काहीशे माणसं अंधारात यंग स्ट्रीटने निघाली. पुढे रायफलवाले, त्यांच्यामागे भालेवाले, शेवटी काठ्या घेतलेले. एका कुंपणाआड शेरीफ जार्विसची वीस-पंचवीस माणसं दबा धरून होती. त्यांनी एक फैर झाडली आणि तीही पळाली. पहिल्या रांगेतल्या रायफलवाल्यांनी उलट गोळी चालवली आणि मागच्यांना नेम धरता यावा म्हणून ते खाली पडले. मागच्यांना वाटलं, अख्खी रांग ठार झाली. सगळे मागे वळले आणि धावत सुटले. दोन्ही बाजू एकाच वेळी एकमेकांपासून पळत होत्या. ७ तारखेला हजाराच्या वर राजनिष्ठ स्वयंसेवक दोन तोफा घेऊन चालून आले आणि खेळ संपला. मॅकेंझी नायगारा ओलांडून अमेरिकेत निसटला.

सीमेपलीकडून लढा चालू ठेवायचा प्रयत्न झाला. मॅकेंझीच्या माणसांना सामान पोचवणारी ‘कॅरोलाइन’ ही अमेरिकन बोट ब्रिटिशांनी २९ डिसेंबरला अमेरिकेच्या हद्दीत घुसून जाळली. त्यावरून झालेल्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी घातलेली अट, की स्वसंरक्षणाची निकड तात्काळ असावी आणि दुसरा मार्ग वा विचाराला वेळ नसावा, आजही आंतरराष्ट्रीय कायद्यात उद्धृत होते. फेब्रुवारी १८३८ मध्ये वुल्फ्रेडचा भाऊ रॉबर्ट नेल्सन याने सीमेवर लोअर कॅनडाचं प्रजासत्ताक जाहीर केलं, आणि नोव्हेंबरमध्ये गुप्त संघटनेच्या जोरावर दुसरा उठाव झाला. आठवड्याभरात तोही मोडला. अमेरिकन सरकारने तटस्थता पाळायचं ठरवलं होतं, आणि त्याशिवाय या प्रयत्नांना मुळात आधारच नव्हता.

शिक्षा

दुसऱ्या उठावानंतर मॉन्ट्रियलच्या लष्करी न्यायालयाने ९९ जणांना फाशी सुनावली. प्रत्यक्षात १२ जणांना फासावर चढवलं, ५८ जणांना ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला पाठवलं. सिडनीतल्या ‘कॅनडा बे’ आणि ‘एक्झाइल बे’ या जागांची नावं त्यांच्यामुळेच पडली. टोरोंटोत सॅम्युअल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज यांना १२ एप्रिल १८३८ ला फाशी दिलं. हजारो लोकांनी सह्यांचे अर्ज करून दयेची याचना केली होती. ती फेटाळणारा गव्हर्नर म्हणजे सर जॉर्ज आर्थर. हाच गृहस्थ १८४२ मध्ये मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होऊन आला, आणि कोल्हापूर-सावंतवाडीकडचा १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव त्याच्याच कारकिर्दीत चिरडला गेला. साम्राज्यात माणसं अशी फिरत असत; या लेखात असे आणखी दोघे भेटतील.

डरहॅमचा अहवाल

लोअर कॅनडाची घटना लंडनने स्थगित केली आणि चौकशीला लॉर्ड डरहॅम यांना पाठवलं. ते मे १८३८ मध्ये पोचले. कैद्यांवर खटले भरले तर फ्रेंच ज्यूरी सोडून देणार आणि इंग्रज ज्यूरी लटकवणार, हे ओळखून त्यांनी वटहुकूम काढला: आठ जणांना बर्म्युडाला धाडायचं, पळालेल्या पुढाऱ्यांना परतबंदी, बाकीच्यांना माफी. पण बर्म्युडा त्यांच्या अधिकारक्षेत्रात नव्हतं. लंडनने वटहुकूम रद्द केला, डरहॅम यांनी राजीनामा दिला आणि पाच महिन्यांत ते परत गेले. १८३९ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला.

त्यात दोन शिफारशी होत्या. पहिली अशी, की गव्हर्नरने सभेत बहुमत असलेल्यांनाच मंत्री नेमावं आणि अंतर्गत कारभार त्यांच्या सल्ल्याने चालवावा. हीच ‘जबाबदार राज्यपद्धती’. घटनेचं स्वरूप, परराष्ट्र संबंध, बाहेरचा व्यापार आणि सरकारी जमिनी एवढंच लंडनने राखून ठेवावं. ही कल्पना डरहॅम यांची नव्हे. बाल्डविन यांनी ती १८३६ मध्येच लंडनला लेखी कळवली होती आणि डरहॅम यांच्या भेटीतही मांडली होती.

दुसरी शिफारस कडू होती. दोन्ही वसाहती एक करून फ्रेंचांना अल्पमतात आणायचं आणि हळूहळू इंग्रज करून टाकायचं. या लोकांना इतिहास नाही, साहित्य नाही, असं डरहॅम यांनी लिहिलं. सरकार आणि प्रजा यांच्यातला झगडा पाहायला आलो होतो, इथे एकाच राज्यात दोन राष्ट्रं लढताना दिसली, असं त्यांचं निदान. ते अपुरं होतं. अप्पर कॅनडात इंग्रजच इंग्रजांशी लढले होते, आणि सँ-देनीच्या विजयाचं नेतृत्व करणारा नेल्सन इंग्रज होता. इतिहास नसल्याच्या शेऱ्याला फ्रांस्वा-झाव्हिये गार्नो यांनी १८४५ पासून कॅनडाचा सविस्तर इतिहास छापून उत्तर दिलं.

लंडनने दुसरी शिफारस उचलली आणि पहिली बाजूला ठेवली. रसेल यांचा आक्षेप असा होता: गव्हर्नरला राणीची आज्ञा एक आणि स्थानिक मंत्र्यांचा सल्ला दुसरा आला तर तो कोणाचं ऐकणार? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर सापडायला जवळपास दहा वर्षं लागली.

एकीकरणाचा डाव उलटला कसा

फेब्रुवारी १८४१ पासून दोन्ही कॅनडा एक झाले. लोअर कॅनडाची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, अप्परची साडेचार लाख; तरी जागा दोघांना ४२-४२. अप्परवर कालव्यांसाठी काढलेलं सुमारे १२ लाख पौंडांचं कर्ज होतं, लोअरवर एक लाखाहूनही कमी. दोन्ही एकत्र करून सगळ्यांच्या डोक्यावर ठेवलं. विधिमंडळाच्या लेखी कामकाजाची भाषा फक्त इंग्रजी.

फ्रेंचांना निष्प्रभ करायचं तर इंग्रजांची एकजूट हवी, आणि ती नव्हती. अप्परचे सुधारणावादी आणि लोअरचे फ्रेंच एकत्र आले तर बहुमत त्यांचं, हा हिशेब लुई-इपोलित लाफोंतेन यांनी मांडला. ते पापिनोंचे जुने सहकारी, पण बंडात न उतरलेले. १८४१ च्या निवडणुकीत गव्हर्नर सिडनहॅमच्या लोकांनी केलेल्या दांडगाईमुळे त्यांना तेरबॉन इथून माघार घ्यावी लागली. बाल्डविन दोन जागांवर निवडून आले होते. त्यांनी टोरोंटोजवळची यॉर्कची जागा सोडली आणि तिथल्या इंग्रज, प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी फ्रेंच, कॅथलिक लाफोंतेनना निवडून दिलं. बंडाला चार वर्षंही झाली नव्हती. पुढे बाल्डविन स्वतःच्या मतदारसंघात पडले, तेव्हा फ्रेंच बहुसंख्य रिमूस्कीने त्यांना निवडून दिलं. या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वात मोलाची वाटते ती ही देवाणघेवाण. डरहॅम यांच्या निदानाला याहून चोख उत्तर कोणी दिलं नाही.

आणखी एक तांत्रिक दुवा सहसा सुटतो. तोवर खात्यांचे प्रमुख वागणूक ठीक असेपर्यंत खुर्चीवर राहत, म्हणजे जवळपास जन्मभर. ऑक्टोबर १८३९ मध्ये रसेल यांनी कळवलं की धोरणाची गरज म्हणून गव्हर्नर त्यांना बदलू शकतो. हेतू गव्हर्नरचा हात मजबूत करण्याचा होता. पण खुर्ची रिकामी करता येऊ लागली की ती कोणाच्या सांगण्यावरून रिकामी करायची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. या पत्राशिवाय मंत्रिमंडळ बदलणं शक्यच नव्हतं.

१८४२ मध्ये गव्हर्नर बॅगट यांनी बहुमतापुढे मान तुकवून लाफोंतेन-बाल्डविन यांना मंडळात घेतलं. त्यांच्यानंतर आले सर चार्ल्स मेटकाफ, १८३५ मध्ये हिंदुस्थानातल्या छापखान्यांवरचे निर्बंध उठवणारे प्रभारी गव्हर्नर जनरल. इथे मात्र ते अडून बसले. सरकारी नेमणुका मंत्र्यांच्या सल्ल्यानेच व्हाव्यात, ही मागणी त्यांनी नाकारली. नोव्हेंबर १८४३ मध्ये एक वगळता सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. नेमणुकांचा वाद क्षुल्लक वाटेल, पण न्यायाधीशापासून पोस्टमास्तरापर्यंत माणसं कोण नेमतो यावरच फॅमिली कॉम्पॅक्ट उभं होतं. पुढची निवडणूक मेटकाफ यांच्या बाजूने निसटती लागली. १८४५ मध्ये कर्करोगाने जर्जर होऊन ते परतले.

मग लंडनच बदललं. १८४६ मध्ये ब्रिटनने धान्यावरचे संरक्षक कर रद्द केले. कॅनडाच्या गव्हाला मिळणारी सवलत संपली, आणि वसाहतीच्या अंतर्गत कारभाराला मुठीत ठेवण्याचं व्यापारी कारणही. त्याच वर्षी वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांनी नोव्हा स्कोशिया या शेजारच्या वसाहतीच्या गव्हर्नरला कळवलं की सभेला नको असलेलं सरकार रेटून चालवू नये. फेब्रुवारी १८४८ मध्ये आधी नोव्हा स्कोशियात, आणि मार्चमध्ये कॅनडात लाफोंतेन-बाल्डविन यांचं मंत्रिमंडळ आलं. गव्हर्नर होते लॉर्ड एल्गिन, डरहॅम यांचे जावई.

२५ एप्रिल १८४९

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. बंडाच्या काळात अप्पर कॅनडात ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई आधीच मिळाली होती. आता लोअर कॅनडासाठी एक लाख पौंडांच्या मर्यादेत तसंच विधेयक आलं. शिक्षा झालेल्यांना आणि बर्म्युडाला पाठवलेल्यांना त्यातून वगळलं होतं. पण फौजेने ज्यांची घरं जाळली त्यांतले बरेच पात्रियोतच होते. ज्यांनी बंड केलं त्यांनाच बक्षीस, अशी टोरींनी, म्हणजे जुन्या व्यवस्थेच्या बाजूच्या लोकांनी, ओरड केली.

एल्गिन यांच्यापुढे पर्याय होते: संमती नाकारायची, विधेयक लंडनला पाठवून द्यायचं, किंवा सभा विसर्जित करायची. त्यांना स्वतःला विधेयक फारसं पसंत नव्हतं. पण दोन्ही भागांतल्या आमदारांच्या बहुमताने ते मंजूर झालं होतं, त्यामुळे त्यांनी २५ एप्रिल १८४९ ला सही केली. त्याच दिवशी का? हंगामातलं पहिलं जहाज बंदरात आलं होतं आणि नव्या जकातीच्या विधेयकावर तातडीने सही हवी होती, त्यासाठी ते संसदेत आलेच होते.

बाहेर पडताना त्यांच्या बग्गीवर अंडी आणि दगड पडले. रात्री जमाव मशाली घेऊन संसदेवर गेला. खिडक्या फोडून आत शिरला, एक जण अध्यक्षांच्या खुर्चीत बसून सभा विसर्जित झाल्याचं ओरडला, राजदंड पळवला गेला, आणि इमारत पेटली. हजारो ग्रंथांचं वाचनालय राख झालं. जमाव स्वतःला राजनिष्ठ म्हणवत होता. राणीचं तैलचित्र मात्र दुसऱ्याच चार माणसांनी आगीतून बाहेर काढलं. एल्गिन यांनी जमावावर गोळ्या घालायचा हुकूम दिला नाही आणि सहीही मागे घेतली नाही. लंडनने त्यांना पाठिंबा दिला. रसेल यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं: अंतर्गत बाबतीत गव्हर्नर मंत्र्यांचं ऐकणार आणि विधेयकाचं राजकीय ओझं मंत्री उचलणार.

१८४८ मध्येच फ्रेंचवरची बंदी उठली होती आणि जानेवारी १८४९ मध्ये एल्गिन यांनी उद्घाटनाचं भाषण दोन्ही भाषांत वाचलं. १८४९ च्या माफीनंतर मॅकेंझीही परतला आणि १८५१ मध्ये निवडून आला. वुल्फ्रेड नेल्सन मॉन्ट्रियलचा महापौर झाला. सँ-देनीला बंदूक घेऊन उभा असलेला जॉर्ज-एत्येन कार्तिये १८६७ च्या कॅनडा महासंघाच्या शिल्पकारांपैकी एक ठरला. पापिनो मात्र सभेत परतूनही लाफोंतेन यांच्या विरोधातच बसले. त्यांना एकीकरणच मोडायचं होतं.

हा विजय कोणाचा नव्हता, तेही सांगायला हवं. लोअर कॅनडात मालमत्ता असलेल्या काही स्त्रिया मतदान करत. १८४९ मध्ये याच सुधारणावादी सरकारच्या कायद्याने स्त्रियांचा मताधिकार स्पष्टपणे काढून घेतला. मूळ रहिवाशांच्या जमिनींचा निर्णय करताना त्यांना सभेत जागा नव्हतीच.

हिंदुस्थानात हे कधी पोचलं

डरहॅम यांचा अहवाल आला त्याच १८३९ सालात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं गेलं. कॅनडात जबाबदार मंत्रिमंडळ आलं त्या १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा करायला घेतलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी १८४० च्या दशकात लंडनमध्येच दाद मागत फिरत होते. त्याच शहरातलं तेच सरकार एकीकडे अधिकार सोडत होतं, दुसरीकडे घेत होतं. गोऱ्या वसाहतवाल्यांसाठीचं तत्त्व इतरांना लागू नाही, असं तेव्हा उघड मानलं जाई. एल्गिन स्वतः १८६२ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि पुढच्या वर्षी धरमशाला इथे वारले. इथे त्यांना कोणत्याही निवडलेल्या सभेला विचारायचं नव्हतं.

२० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचं जाहीर केलं. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत खाती वाटली: शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव, म्हणजे मंत्र्यांकडे; अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही राखीव, म्हणजे गव्हर्नरकडे. डरहॅम यांनी परराष्ट्र आणि बाहेरचा व्यापार राखून घरचा कारभार द्यायची शिफारस केली होती. इथे घरच्या कारभाराचीच तिजोरी आणि लाठी राखून ठेवली. कौन्सिलने राखीव खात्याचा पैसा कापला तर गव्हर्नर तो स्वतःच्या अधिकारात पुन्हा घालू शकत असे. १८३७ च्या रसेल ठरावांचीच ही तरतूद.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसने निवडणूक जिंकूनही लगेच सत्ता घेतली नाही. गव्हर्नर विशेषाधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, याची हमी आधी हवी होती. मेटकाफ यांच्याशी बाल्डविन यांचा झालेला वाद हाच. मधले तीन महिने धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ होतं. जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांनी सूत्रं घेतली. आज आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२) मध्ये एका ओळीत लिहिलंय की राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. राज्यपाल आणि सरकार यांच्यात खटका उडाला की वकील हीच ओळ पुढे करतात.